घरात कोण ओढतं?

आषाढात पाऊस लागून राहिला की कुंभिवलीसारख्या गावात ओसरी हीच घराची बैठक होते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात बांधावर, पारावर, एसटीच्या थांब्यावर पेटणारी विडी या दिवसांत घराच्या आश्रयाला येते. ओढणारा माणूस बेफिकीर असतो असंही नाही. तो उंबऱ्याबाहेर बसतो, घराकडे पाठ करतो आणि कुणी हटकलंच तर ‘बाहेरच तर ओढतोय’ म्हणतो. पण त्याच्या समोर पागोळ्या गळत असतात, मागे दार उघडं असतं आणि वारा पावसाची झड ओसरीवर ढकलत असतो. त्या वाऱ्यासरशी धूरही आत जातो.

आत पाळण्यात सहा-सात महिन्यांचं मूल असतं. त्याच्या वाट्याला एकटी विडी येत नाही. भिजलेलं सरपण चुलीत धुमसत असतं. दुपटी, लंगोट वाळत नाहीत म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर पसरलेले असतात. तिन्हीसांजेला खाटेखाली डासांची कॉइल लागते. हवेच्या अभ्यासकांनी २००३ साली मोजून पाहिलं, तेव्हा एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. खोली एक, दार एक, खिडकी पावसामुळे बंद. मोठं माणूस कंटाळलं की उठून बाहेर जाऊ शकतं. बाळाला जागा बदलायची तर कुणीतरी उचलून न्यावं लागतं.

दुसऱ्याने ओढलेल्या तंबाखूचा धूर लहान मुलांचं काय करतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. तो शहरातल्या फ्लॅटमधल्या सिगारेटीपुरता मानला जातो आणि खेड्यातलं मूल मोकळ्या हवेत वाढतं असं गृहीत धरलं जातं. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात हे गृहीतक टिकत नाही.

विडी दिसायला बारीक, म्हणून तिचा धूरही बेताचा, असं पुष्कळांना वाटतं. तिच्यात तंबाखू खरोखरच थोडा असतो, पाव ग्रॅमच्या आसपास. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. हवा कमी मिळाल्याने विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवायला वरचेवर, जोर लावून झुरके मारावे लागतात. त्यामुळे एवढ्याशा तंबाखूतून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर निघतो.

त्यातला ओढणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर वेगळा. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात विडीचं टोक नुसतंच जळत राहतं आणि त्यातून निळसर रेघ वर चढत असते. शेजाऱ्याच्या नाकात जाणारा बहुतांश धूर या टोकाचा असतो. झुरका घेताना निखारा फुलतो, तापमान वाढतं. मधल्या वेळात ते उतरतं आणि ज्वलन अर्धवट राहतं. म्हणून वजनाला वजन धरलं तर या धुरात कित्येक विषारी द्रव्यं ओढणाऱ्याच्या धुरापेक्षा जास्त सापडतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं आहेत आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण होतात.

आता थोडा हिशेब. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. एक सिगारेट आसपासच्या हवेत दहा मिलिग्रॅमच्या घरात सूक्ष्म कण सोडते. दारं-खिडक्या बंद असतील तर खोलीत दर घनमीटरला तीनशे मायक्रोग्रॅमहून जास्त कण होतात. भारताचं २४ तासांच्या सरासरीचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं १५. हवा खेळती राहिली तर आकडा लवकर उतरतो हे खरं. पण उतरून शून्यावर येण्याआधी दुसरी विडी पेटलेली असते. हे कण इतके बारीक असतात, की डोळ्यांना धूर दिसेनासा झाल्यावरही ते तासन् तास हवेत तरंगत राहतात. ‘धूर गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा फक्त दिसणारा धूर गेलेला असतो.

या हवेत तान्हं मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने श्वास घेतं. शांत झोपलेलं नवजात बाळ मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते वीस. दर किलो वजनामागे बाळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त हवा आत ओढतं, आणि त्याच पटीत धूरही. त्यात त्याची श्वासनलिका जेमतेम चार मिलिमीटर रुंद. धुराने आतलं अस्तर चहूबाजूंनी एक मिलिमीटर सुजलं, तर मोठ्या माणसाला कदाचित नुसता खोकला येईल. बाळाची नलिका दोन मिलिमीटरवर येते आणि हवा जायची वाट चौथा हिस्सा उरते. मग ते श्वासासाठी झटू लागतं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते, छाती वाजते.

फुप्फुसं तर अजून बांधून व्हायची असतात. जन्मावेळी त्यांत काही कोटीच वायुकोश असतात आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या तीस कोटींच्या पुढे जाते. याच वर्षांत धूर लागला तर फुप्फुसांची वाढ खुंटते, आणि ही तूट पुढे पुरती भरून निघत नाही. श्वसनमार्गाच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात, ते कफ आणि धूळ वर ढकलत राहतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते. कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतूंचं फावतं. न्यूमोनिया, श्वासनलिकादाह, दमा यांचं प्रमाण धुरातल्या मुलांत जास्त का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. कानाचं दुखणं हाही यातलाच प्रकार. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. ती सुजून बंद झाली की आत पाणी धरतं, पू होतो. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाच्या घरात विडी आहे का, हे विचारायला हवं. पाळण्यात झोपेतच दगावणाऱ्या बाळांच्या बाबतीतही घरातलं धूम्रपान हे सिद्ध झालेलं जोखमीचं कारण आहे.

हे सगळं उघडकीला आलं ते फार जुनं नाही. लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचा भाग आहे. तिथे कोली, हॉलंड आणि कॉर्कहिल या तिघा संशोधकांनी १९६३ ते १९६५ या काळात जन्मलेल्या २,२०५ बाळांवर लक्ष ठेवलं आणि निष्कर्ष १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. आईवडील दोघंही न ओढणाऱ्या घरांत पहिल्या वर्षी शंभरातल्या ७.८ बाळांना न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला. एक जण ओढत असेल तर ११.४, दोघंही ओढत असतील तर १७.६. एवढी सरळ चढती पायरी वैद्यकात क्वचित पाहायला मिळते. पुढे १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामांनी ९१ हजारांहून अधिक न ओढणाऱ्या बायकांचा चौदा वर्षांचा पाठपुरावा मांडला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी त्यावर मोठं काहूर उठवलं. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं, की या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही.

जगाचा हिशेब २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुरामुळे सुमारे सहा लाख तीन हजार माणसं गेली. त्यांतले १ लाख ६५ हजार मृत्यू श्वसनमार्गाच्या संसर्गाने झालेले, म्हणजे बहुतांशी चिमुकल्यांचे, आणि मुलांच्या मृत्यूंपैकी दोन तृतीयांश आफ्रिका आणि दक्षिण आशियातले. त्या काळात जगातली चाळीस टक्के मुलं या धुरात वाढत होती. धूर सगळीकडे होता. जीव गेले ते जिथे मूल आधीच अशक्त होतं आणि दवाखाना लांब होता तिथे.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक आकडा नेहमी पुढे केला जातो. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, पण ओढणारे एकूण प्रौढांत अवघे ३.८ टक्के. बाकीचा सगळा भर तंबाखू-चुना, गुटखा आणि मशेरीवर. मग धुराची एवढी चिंता कशाला, असं विचारणारे भेटतात. याच सर्वेक्षणात देशभरातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी आपल्या घरात दुसऱ्याचा धूर लागतो असं सांगितलं होतं. २००९-१० मध्ये हे प्रमाण ५२.३ टक्के होतं. सुधारणा झाली, तरी दहातल्या जवळजवळ चार प्रौढांच्या घरात धूर आहेच. आणि राज्याची सरासरी वाडीला लावता येत नाही. तंबाखूचं प्रमाण आदिवासींमध्ये इतरांपेक्षा जास्त आहे हे राष्ट्रीय सर्वेक्षणं पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि कर्जत-खालापूरचे डोंगर ठाकूर आणि कातकरी वाड्यांनी भरलेले आहेत.

शिवाय मशेरी धुरात मोजली जात नाही. ती कशी होते हे एकदा जवळून पाहावं. तंबाखूची पानं तव्यावर टाकून मंद आंचेवर काळी पडेपर्यंत भाजतात आणि मग कुस्करून भुकटी करतात. भाजताना उठणारा धूर इतका झोंबणारा असतो, की शेजारच्या घरातही ठसका लागतो. हे काम चुलीशी चालतं, बहुधा घरातली बाईच करते, आणि तिचं लेकरू तिच्या कडेवर किंवा पदराशी असतं. नोंदीत मात्र ती ‘धूर नसलेला तंबाखू’ वापरणारी ठरते. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मशेरीसारखा तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी कमी वजनाची भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम फार मोठे. असं कमी वजनाचं बाळ ज्या घरात येतं, तिथेच विडीचा आणि चुलीचा धूर त्याची वाट पाहत असेल तर न्यूमोनियाला दोन्ही बाजूंनी दार उघडं मिळतं.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबतच असतात, तान्हीसुद्धा. भट्टीशेजारच्या खोपटात निजलेल्या त्या मुलाच्या छातीत कुठला धूर किती गेला, हे वेगळं काढणं जवळजवळ अशक्य आहे. डॉक्टरलाही जमणार नाही. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन लघवीत किंवा लाळेत मोजलं तर तंबाखूचा वाटा कळतो, पण अशी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण करणार!

चुलीच्या धुराबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात उघड्या चुलीऐवजी धुराड्याची चूल देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. बाळांच्या अंगावर येणारा धूर निम्म्याने घटला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, पण एकूण न्यूमोनियातली घट निर्विवाद म्हणण्याइतकी नव्हती. पुढे तमिळनाडूत आणि इतर तीन देशांत गॅस पुरवून केलेल्या मोठ्या प्रयोगात बाळांचा गंभीर न्यूमोनिया कमी झालेला दिसला नाही. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आला म्हणून बाळ सुटलं, असं समजायला म्हणूनच जागा नाही. गॅसच्या शेजारी बसून विडी ओढली तर गॅसचं काय चुकलं? लस, आईचं दूध, पोषण, वेळेवर उपचार आणि स्वच्छ हवा, यांतलं एकही दुसऱ्याच्या बदली चालत नाही.

वेळेवरच्या उपचाराबाबत महाराष्ट्राने जगाला एक धडा दिला आहे. १९८८ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. अडचण मोजण्याची होती. ज्याला साठपर्यंत मोजता येत नाही त्याने बाळाचे श्वास कसे मोजायचे? त्यावर त्यांनी मण्यांचा श्वासमापक बनवला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे पाहायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला धाप आहे, औषध चालू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ आणि त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास श्वास ही धोक्याची रेघ. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने हा प्रयोग छापला. या गावांतले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी झाले होते.

आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्या कार्यक्रमाचं मूळही गडचिरोलीतच आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा, घरी बाळंत झालेलीकडे सात वेळा. आशाताई ताप बघते, वजन करते, श्वास मोजते. याच भेटीत ‘घरात कोण ओढतं? कुठे बसून ओढतं?’ हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले गेले पाहिजेत, आणि आईला नव्हे, ओढणाऱ्यालाच. सून सासऱ्याला ‘विडी विझवा’ म्हणू शकत नाही. बाहेरून आलेली, हातात वजनकाटा असलेली बाई म्हणू शकते. बाळाचे मोजलेले श्वास आजोबांना दाखवून ती जे सांगेल, त्याला भिंतीवरच्या फलकापेक्षा कितीतरी जास्त वजन असेल.

कायदा या दारापर्यंत येऊन थांबतो. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी घातली. न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर हा निकाल उभा आहे. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. त्यामुळे कर्जत-खोपोली लोकलमध्ये, एसटीत, अंगणवाडीत मुलाला कायद्याचं संरक्षण आहे. घरी परतल्यावर नाही. आणि ते तिथे आणताही येणार नाही. ओसरीवर पोलीस बसवणं कुणालाच नको आहे.

तरीही सार्वजनिक बंदी घरात झिरपते, असं स्कॉटलंडमध्ये दिसलं. तिथे मार्च २००६ मध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपान थांबवलं, तेव्हा लोक आता घरी जास्त ओढतील आणि मुलांचे हाल वाढतील अशी भीती घातली गेली होती. बंदीआधी दम्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या वर्षाला ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागली. अजून शाळेत जाऊ न लागलेल्या लहानग्यांतही घट होती. बाहेर ओढायचं नाही ही सवय लागली की घरातही ओढणं अवघड वाटू लागतं, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मग घरातला नियम कसा असावा? ओसरी, पडवी आणि मोरी ‘बाहेर’ धरायची नाही. विडी घरापासून चार पावलं लांब, दाराच्या तोंडासमोर नाही अशी ओढायची. पाऊस असला तर गोठ्याच्या पलीकडच्या छपराखाली. ओढून आल्याबरोबर बाळाला घेऊ नये. निकोटिन कपड्यांना, केसांना, बोटांना चिकटून येतं, भिंतीत आणि गोधडीत मुरतं, आणि हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याची क्रिया होऊन कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात हे बर्कलीच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवलं आहे. रांगणारं मूल त्याच जमिनीवर हात फिरवून तोच हात तोंडात घालतं. म्हणून सदरा बदलावा, हात-तोंड साबणाने धुवावं, मग नातवाला मांडीवर घ्यावं. याला पैसा लागत नाही.

धुरीबद्दल बोलायला संकोच वाटतो, कारण ती मायेने दिली जाते. न्हाऊ घातलेलं बाळ कोरडं पुसायचं, निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, ऊद, लसणीची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला पालथं धरून शेकायचं. सर्दी होऊ नये, ऊब मिळावी हा हेतू. आजीच्या हातांनी कित्येक पिढ्या हे केलं आहे. पण तान्ह्याच्या चार मिलिमीटरच्या नळीला ओव्याचा धूर आणि विडीचा धूर यांतला फरक कळत नाही. ऊब हवी तर बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावं, वरून दोघांवर गोधडी घ्यावी. कमी वजनाच्या बाळांसाठी मोठ्या रुग्णालयांतही हेच करतात, आणि आजीलाही ते करता येतं.

सोडायचं ठरवलं तर आधार आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा फुकट दूरध्वनी २०१६ पासून चालू आहे आणि २०१८ पासून त्याचं एक केंद्र मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे आहे. हाच क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर, सडक्या तोंडाच्या चित्राखाली छापला जातो. चित्राकडे कुणी पाहत नाही आणि अक्षरं बारीक असतात. आशाताईंनी पुढच्या भेटीत तो क्रमांक आजोबांना मोठ्या आकड्यांत लिहून द्यावा, आणि शक्य झालं तर पहिला फोन तिथेच बसून, त्यांच्याच मोबाइलवरून लावून द्यावा.